प्रयागला पिंपांचा पूल चालतो, मग नाशिकला का नाही?

२०२५ च्या महाकुंभाहून मावशी परत आली ती संगमाच्या पाण्याच्या बाटलीसोबत एक प्रश्न घेऊन. "खाली मोठमोठी लोखंडी पिंपं, त्यावर रस्ता. आपण चालतोय तर सगळं हलकं हलकं डुलतंय. गाड्यासुद्धा जात होत्या त्यावरून. असे कितीतरी पूल होते रे! मग आपल्याकडे सिंहस्थात गंगेवर असे पूल का नाही टाकत?"

पंचवटीत वाढलेल्या माणसाला गोदावरी ही गंगाच. आणि प्रश्न अगदी रास्त आहे. २००३ च्या सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीची आठवण जुन्या नाशकात अजून पुसलेली नाही. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. लाखो माणसं अरुंद घाटांवर येणार, तर चार-सहा तात्पुरते पूल टाकले तर गर्दी वाटली जाणार नाही का? मावशीला तेव्हा मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून टाकलं, पण ते उत्तर माझं मलाच पुरलं नाही. पूर्ण उत्तर द्यायचं तर पिंप पाण्यावर का राहतं इथपासून सुरुवात करावी लागते.

पाठीला बांधलेला डबा

निफाडकडे आजोळच्या विहिरीत मी पोहायला शिकलो ते पाठीला डबा बांधून. गोडेतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा, तोंड पक्कं बंद केलेलं. माझ्या आधीच्या पिढीने याच कामाला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरलं. भोपळे एकत्र बांधून केलेली सांगड घेऊन माणसं नदी ओलांडत, आणि कृष्णाकाठी तर गूळ करायच्या काहिलीत बसून पैलतीर गाठल्याच्या गोष्टी अजून ऐकायला मिळतात. तरंगता आधार ही आपल्याला नवी गोष्ट नाही.

डबा स्वतः कसलाही जोर लावत नाही. तो फक्त पाण्याची जागा अडवतो. डबा पाण्यात दाबला की तेवढं पाणी बाजूला सरतं, आणि सरलेल्या पाण्याचं जितकं वजन तितक्या जोराने आजूबाजूचं पाणी डब्याला वर ढकलतं. शाळेच्या पुस्तकात याला प्लावक बल म्हणतात. आर्किमिडीजचा नियम तो हाच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. डबा सोळा लिटर जागा अडवत असेल तर सोळा किलोचा रेटा वर. मुलाचं शरीर पाण्यात स्वतःच जवळजवळ तरंगत असतं, त्यामुळे तेवढा आधार त्याला भरपूर होतो.

आता डब्याऐवजी २०० लिटरचं प्लास्टिकचं पिंप घ्या. पूर्ण बुडालं तर ते २०० किलो उचलेल, त्यातले आठ-दहा किलो त्याचं स्वतःचंच वजन. अशी बारा पिंपं दोन रांगांत बांधून वर फळ्या ठोकल्या की झाला तराफा. एकूण उचल २४०० किलो. पिंपं, लोखंडी चौकट आणि फळ्या मिळून ६०० किलो धरले तर १८०० उरतात. पण पिंपं काठोकाठ बुडवून कोणी तराफा वापरत नाही. एखादी लाट आली, सगळी माणसं एका कडेला धावली, एखादं पिंप गळलं, यासाठी निम्मी उचल राखून ठेवायची. उरले ९०० किलो, म्हणजे साधारण बारा माणसं. अठराशेचे नऊशे झाले म्हणून हळहळू नका. होडी उलटल्याच्या बातम्या येतात त्यांत बहुतेक वेळा ही राखीव उचलच माणसांनी भरून टाकलेली असते.

तराफा लोखंडाचा किंवा लाकडाचाच हवा असंही नाही. काँक्रीटसुद्धा तरंगतं, फक्त आतून पोकळ हवं. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, ३ मीटर उंच अशी बंद पेटी, पाव मीटर जाडीच्या भिंतींची, करून बघू. तिला लागणारं काँक्रीट सुमारे ४३ घनमीटर, सळ्या धरून वजन अंदाजे १०५ टन. पण पेटी एकूण १५० घनमीटर जागा अडवते, म्हणजे १५० टनांपर्यंत वजन झेलू शकते. म्हणून ती २.१ मीटर बुडेल आणि ९० सेंटिमीटर पाण्याबाहेर राहील. घासायला टाकलेली स्टीलची वाटी बादलीत सरळ ठेवली तर तरंगते आणि कलंडून आत पाणी शिरलं की तळाला जाते, त्यातलंच हे गणित.

चाकाखाली दबणारा रस्ता

प्रयागचे पूल याच तत्त्वावर उभे असतात. हिंदीत त्यांना पीपा पूल म्हणतात. पीपा म्हणजे आपलं पिंप. २०२५ मध्ये असे ३० पूल टाकले होते. दोन्ही टोकांना निमुळती लोखंडी पिंपं प्रवाहाच्या दिशेने एकाशेजारी एक लावायची, त्यांच्यावर आडव्या लोखंडी तुळया, तुळयांवर लाकडी स्लीपर आणि वरून पत्रे. टोकं निमुळती का, ते होडीकडे पाहिलं की कळतं: पाणी अडण्यापेक्षा कापलं जावं म्हणून.

मावशीला जाणवलेलं डुलणं हा दोष नाही, पूल तसाच काम करतो. एखाद्या तराफ्याचं पाण्यावर टेकलेलं क्षेत्र ३० चौरस मीटर असेल तर तो एक सेंटिमीटर खाली जाताना ३०० लिटर पाणी सारतो, म्हणजे दर ३०० किलोंना एक सेंटिमीटर. ३ टनांची गाडी चढली की तो १० सेंटिमीटर दबला पाहिजे. दबल्याशिवाय तो वजन पेलूच शकत नाही, कारण जास्तीचं पाणी सारलं तरच जास्तीचा रेटा मिळतो. प्रत्यक्षात वरच्या तुळया ताठ असल्याने वजन शेजारच्या दोन-चार पिंपांवर वाटलं जातं आणि दबणं कमी होतं. बाजेवर एक जण बसला तरी आजूबाजूचे पट्टे ताणले जातात, तसंच. गाडी मात्र सतत छोट्याशा खळग्यात असते आणि तो खळगा तिच्यासोबत पुढे सरकत राहतो. म्हणून अशा पुलांवर वेग कमी ठेवायचा आणि दोन गाड्यांत अंतर राखायचं. दोन जड गाड्या शेजारी आल्या की त्यांचे खळगे एकमेकांत मिसळतात.

वजन पेलणं हा यातला सोपा भाग झाला. तराफ्याला खरा त्रास आडव्या रेट्याचा असतो. नेहमीच्या पुलाचे खांब जमिनीत रोवलेले असतात. तराफ्याला जमीन नाही, त्याला दोरखंड, साखळ्या आणि नांगर यांनी धरून ठेवावं लागतं. प्रवाहाचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. सेकंदाला एक मीटर वाहणारं पाणी एक चौरस मीटर सपाट भिंतीवर ढोबळमानाने ५० किलोवजनाचा रेटा देतं. तेच पाणी सेकंदाला तीन मीटर वाहू लागलं की रेटा ४५० किलोंवर जातो. प्रत्येकी दोन चौरस मीटर तोंडाची वीस पिंपं असतील तर सगळ्या दोरखंडांवर मिळून १८ टनांचा ताण. टोकं निमुळती केल्याने तो बराच उतरतो, पण नऊपट वाढ ती नऊपटच राहते.

इतिहासात हे पूल मोडले तेही बहुतेक वेळा असे आडव्या माराने. इसवी सनापूर्वी ४८० च्या सुमारास पर्शियाचा सम्राट झर्क्सीस याने ग्रीसवर स्वारी करताना हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर नावांचा पूल बांधवला. पहिला पूल वादळाने तोडला, तेव्हा त्याने समुद्राला तीनशे फटके मारायची आज्ञा दिली, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो. दुसऱ्या खेपेला ३६० आणि ३१४ नावांच्या दोन रांगा, तागासारख्या धाग्यांचे आणि पपायरसचे जाड दोरखंड आणि भक्कम नांगर वापरले, आणि सैन्य पार झालं. फटक्यांची गोष्ट सगळ्यांना आठवते. मला दोरखंडांची जास्त महत्त्वाची वाटते.

आपल्याकडचं मोठं उदाहरण हावड्याचं. आज दिसतो तो पोलादी पूल १९४३ पासूनचा. त्याआधी ६९ वर्षं कोलकाता आणि हावडा यांच्यामध्ये हुगळीवर सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी उभारलेला तरंगता पूल होता, १५२८ फूट लांब आणि ६२ फूट रुंद. नदीत खांब घातले तर त्यांच्याभोवती गाळ साचून बंदराचा मार्ग बुजेल, अशी भीती होती. पूल पुरा होण्याआधीच, मार्च १८७४ च्या वादळात एक आगबोट सुटून त्यावर आदळली आणि सुमारे २०० फूट भाग उद्ध्वस्त झाला. तो दुरुस्त करून त्याच वर्षी पूल खुला केला. जहाजं जाऊ देण्यासाठी मधला २०० फुटांचा तुकडा बाजूला काढता यायचा, आणि तेवढा वेळ दोन्ही काठांवरची वाहनं ताटकळत उभी. होड्या वगळता खालून दुसरं काही जाऊ शकत नाही, ही तरंगत्या पुलाची कायमची अडचण आहे.

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर

आता नाशिकच्या गंगाघाटावर येऊ, पण आधी प्रयाग. प्रयागचा कुंभ माघात असतो. २०२५ चा १३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी असा झाला. पावसाळा संपून तीन-चार महिने उलटलेले, नदी उतरलेली आणि संथ, दोन्ही बाजूंना वाळूची विस्तीर्ण मैदानं. त्या वाळूतली धार दर वर्षी जागा बदलते, त्यामुळे कायमचा पूल कुठे बांधायचा हाच प्रश्न. तात्पुरता, हलवता येणारा, पावसाळ्याआधी काढून ठेवता येणारा पूल तिथे अगदी चपखल बसतो.

नाशिकचा सिंहस्थ येतो तो गुरू सिंह राशीत असताना, श्रावण-भाद्रपदात. २०१५ ची रामकुंडावरची शाही स्नानं २९ ऑगस्ट, १३ सप्टेंबर आणि १८ सप्टेंबरला झाली. म्हणजे ऐन पावसाळ्यात. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांत पाऊस झाला, गंगापूर धरण भरलेलं असलं आणि वरून विसर्ग सोडावा लागला की घाटावरचं पाणी काही तासांत चढतं. पुराची उंची आपण फुटांत सांगतच नाही. घाटावर दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे, तिच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याशी पाणी, असं सांगतो. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरांत तर मारुती जवळजवळ दिसेनासा झाला होता. हीच पाण्याची पातळी तरंगत्या पुलाच्या नजरेने पाहा. पुलाचा मधला भाग पाण्याबरोबर तीन मीटर वर जाणार, टोकं मात्र घाटाच्या पायऱ्यांना जोडलेली. काल जवळजवळ सपाट असलेला टोकाचा रस्ता आज जिन्यासारखा चढ होणार, आणि त्यावर माणसांची गर्दी.

पाण्यासोबत येणाऱ्या वस्तू हा आणखी गंभीर भाग. पहिल्या पुरात गोदावरीतून जलपर्णीचे गालिचे वाहत येतात, झाडांच्या फांद्या, ओंडके, बांबू येतात. दोन पिंपांमधल्या फटीत हे अडकलं की पुलाचा बंधारा होतो. मघाशी केलेला हिशोब पिंपांच्या तोंडापुरता होता, आता पाणी अख्ख्या नदीभर अडतं. दोरखंड तुटला तर सुटलेली पिंपं खालच्या पुलावर जाऊन आदळणार.

तिसरी गोष्ट तळाची. प्रयागला नांगर वाळूत रुततो आणि जितका ओढावा तितका खोल जातो. नाशकात नदीचा तळ काळ्या कातळाचा आहे. नांगर त्यावर घसरणार. धरायचं तर कातळात भोकं पाडून खुंट्या बसवायला लागतील. पण हाच कातळ पक्क्या पुलाला आयता पाया देतो. पात्रही अरुंद आहे. म्हणून इंग्रजांच्या काळातला जुना व्हिक्टोरिया पूल, आजचा अहिल्यादेवी होळकर पूल, इतके पूर सोसून उभा आहे. जिथे पाया सहज मिळतो आणि पाणी अचानक चढतं, तिथे पक्का पूलच टाकावा. गर्दी वाटायची तर घाट वाढवणं, येण्या-जाण्याचे रस्ते वेगळे करणं आणि पक्के पादचारी पूल, यांवरच पैसा आणि डोकं खर्च व्हावं असं मला मनापासून वाटतं.

मसाल्याचा डबा

याचा अर्थ तरंगते पूल कच्चे असतात असा मुळीच नाही. अमेरिकेत सिएटलजवळ लेक वॉशिंग्टन नावाचं खोल, गाळाच्या तळाचं सरोवर आहे. तिथे खांब रोवणं अवघड म्हणून १९४० मध्ये काँक्रीटच्या पोकळ पेट्यांवर महामार्ग तरंगवला. त्याच सरोवरावर २०१६ मध्ये खुला झालेला पूल जगातला सर्वांत लांब तरंगता पूल आहे; पाण्यावरचा भाग सुमारे २.३ किलोमीटर, खाली ७७ पेट्या. नॉर्वेत १९९४ साली बर्गनजवळ एक पूल झाला, त्याचा १२४६ मीटरचा भाग फक्त १० तराफ्यांवर आहे आणि तो कमानीसारखा वळवून नुसता दोन टोकांना धरला आहे. समुद्राची खाडी तिथे इतकी खोल की तळाशी नांगर टाकणंच परवडत नव्हतं.

१९४० चा तो सिएटलचा पूल मात्र २५ नोव्हेंबर १९९० ला बुडाला. त्याची दुरुस्ती चालू होती. कामासाठी पेट्यांना भोकं पाडलेली, जलरोधक दारं काढलेली, आणि काँक्रीट कापताना निघालेलं पाणी पेट्यांतच साठवलेलं. सुट्टीच्या दिवसांत वादळी पाऊस आला, लाटा आत शिरल्या. पेटीमागून पेटी जड होत गेली आणि एकीने दुसरीला खाली ओढलं. रहदारी बंद असल्याने जीवितहानी झाली नाही. पन्नास वर्षं जे वाऱ्या-लाटांना जमलं नव्हतं ते उघड्या राहिलेल्या भोकांनी केलं.

पेटीत आडभिंती का घालतात हे इथे कळतं. परातीत चार तांबे पाणी घेऊन घरभर चालून बघा. परात किंचित कलली की सगळं पाणी त्याच कडेला धावतं आणि ती आणखी कलते. तराफ्याच्या पोटात थोडं पाणी शिरलं तरी असंच होतं. बुडण्याआधी तो उलटतो. तेच पाणी मसाल्याच्या डब्यातल्या सात वाट्यांत वाटून घेतलं तर प्रत्येक वाटीतलं पाणी आपापल्या जागी राहतं. एक वाटी फुटली तरी बाकीच्या सहा कोरड्या. बहुतेक मोठा तराफा आतून असा मसाल्याचा डबाच असतो, आणि त्याचा प्रत्येक कप्पा ठरलेल्या दिवशी उघडून कोरडा आहे का ते पाहायचं असतं.

धरणावर मात्र तरंगताच धक्का हवा

गोदावरीच्या पुलाला नको म्हटलेलं तत्त्व गंगापूर धरणाच्या जलाशयावर एकदम योग्य ठरतं. तिथे प्रवाह जवळजवळ नाही, पण पातळी वर्षभर बदलते. सप्टेंबरात तुडुंब, मे महिन्यात काठ कुठल्या कुठे. काठाचा उतार वीस मीटरला एक मीटर असेल तर पाणी एक मीटर उतरलं की कडा वीस मीटर मागे सरकते. पक्का दगडी धक्का बांधला तर वर्षातले थोडेच महिने तो कामाचा, एरवी चिखलात उभा. तरंगता धक्का पाण्याबरोबर खाली येतो. त्याला कडेला उभ्या खांबांभोवती कड्या असतात, कड्या वर-खाली घसरतात पण धक्का बाजूला जात नाही. काठापासून धक्क्यापर्यंत एक फळी असते, वरच्या टोकाला बिजागरी आणि खालच्या टोकाला चाकं. पाणी उतरेल तसा तिचा उतार वाढतो. हल्ली अर्धा मीटर लांब-रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच असे प्लास्टिकचे पोकळ ठोकळे एकमेकांत अडकवून असे धक्के करतात. एक चौरस मीटरला चार ठोकळे, म्हणजे ४०० किलोंची उचल, ठोकळ्यांचं वजन वजा जाता साडेतीनशेच्या वर.

बोटीला जसा धक्का लागतो तसाच पाण्यावर उतरणाऱ्या विमानालाही. ३१ ऑक्टोबर २०२० ला गुजरातेत साबरमतीपासून केवडियापर्यंत अशी सेवा सुरू झाली होती, तिच्यासाठीही तरंगता धक्काच होता. ओझरच्या कारखान्यामुळे नाशिककरांना विमानं नवी नाहीत, पण या विमानांना चाकांच्या जागी दोन लांबट पोकळ तराफे असतात. नियम कडक आहे: विमानाच्या पूर्ण वजनाच्या ८० टक्के जास्त उचल त्या दोघांत मिळून हवी. १००० किलोंचं विमान असेल तर दोन्ही तराफ्यांची मिळून १८०० किलोंची. आत कप्पे, आणि दोन कप्पे भरले तरी विमान वर राहिलं पाहिजे. उड्डाणाआधी वैमानिक हातपंपाने एकेक कप्पा उपसून पाहतो.

त्या तराफ्याच्या पोटाला मध्येच एक पायरी असते, आणि मला ती फार आवडते. नळाच्या धारेला चमचा पाठीकडून हलकेच टेकवा. धार चमच्याला दूर ढकलण्याऐवजी आत ओढून घेते. वेगाने जाणाऱ्या तराफ्याच्या वळणदार पोटालाही पाणी असंच चिकटतं आणि विमान सुटत नाही. पायरीपाशी पाणी अचानक तुटतं, फटीत हवा शिरते, आणि विमान पुढच्या अर्ध्या भागावर घसरत वेग पकडतं. एवढीशी खाच नसती तर इंजिन कितीही गरजलं तरी पाण्याने त्याला सहजी सोडलं नसतं.

निफाड-दिंडोरीकडे आज विहिरीपेक्षा शेततळी जास्त दिसतात. द्राक्षवाले पंपाच्या पाइपाला रिकामा कॅन बांधून त्याचं तोंड गाळाच्या वर आणि पाण्याच्या पातळीच्या खाली राखतात, तेही एक छोटं तरंगतं यंत्रच. पण त्या तळ्यांना प्लास्टिकचा कागद असतो, तो ओला झाला की पाय टेकत नाही, आणि पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. दर उन्हाळ्यात यात मुलांचे जीव जातात. शेततळं असेल तर चारही बाजूंना काठावरच्या खुंटीला बांधलेली गाठींची जाड दोरी पाण्यापर्यंत सोडा, आणि प्रत्येक दोरीच्या टोकाला घट्ट झाकणाचा वीस लिटरचा रिकामा कॅन बांधा. दर महिन्याला झाकण उघडून आत पाणी शिरलंय का ते बघा. उन्हाने कॅन तडकला असेल तर त्याच दिवशी बदला.